लाल करा, सरळ होते

शॉपमध्ये शिरले तर आमचा वेल्डर साहू गॅसच्या टॉर्चनं बी-पिलर तापवत होता, आणि देवतळे साहेब शेजारी उभं राहून पहिल्या नातवाकडे बघावं तसं त्या पिलरकडे बघत होते.

"साहू, बंद कर ते!" मी ओरडले.

"मॅडम, साहब ने बोला है." त्यानं ज्योत थोडी कमी केली. बंद केली नाही. पगार साहेब देतात.

देवतळे साहेब म्हणजे आमच्या प्रेस शॉपचे, म्हणजे पत्रा दाबून गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्याचे मालक. मोठ्या प्लांटच्या रोलिंग मिलमधून रिटायर झालेले. मी त्यांची क्वालिटी इन-चार्ज. भिलाईत माझ्यासारखीची एकच अडचण आहे, इथे स्टीलमधलं सगळ्यांनाच कळतं. बोरसीतले माझे दाताचे डॉक्टरसुद्धा माझं तोंड उघडं ठेवून मला रोलिंग समजावतात. साहेब तर खुद्द मिलमधले. तिथे लालभडक स्टील म्हणाल तसं वळतं, त्यामुळे त्यांचा मंत्र ठरलेला: लाल करा, सरळ होते.

बी-पिलर म्हणजे गाडीच्या पुढच्या आणि मागच्या दारामधला खांब. बाजूनं ट्रक येऊन धडकला तर ट्रक आणि आतला माणूस यांच्यामध्ये मुख्यतः तोच असतो. म्हणून तो हाय-स्ट्रेंथ स्टीलचा. पत्रा पातळ, ताकद दांडगी. पण असा पत्रा थंड असताना डायमध्ये, म्हणजे साच्यात दाबला, की प्रेस उघडताच तो थोडा मागे फिरतो आणि कडा फाकतात. याला स्प्रिंगबॅक म्हणतात. उपाय आहे. डायचंच वळण थोडं जास्त ठेवायचं, म्हणजे मागे फिरून पार्ट बरोबर मापात येतो. पण डाय पुन्हा कापायला वेळ लागतो. इकडे आमचे पिलर फाकत होते, कस्टमर, म्हणजे गाडीची कंपनी, रोज फोनवर तोंडसुख घेत होता, आणि डाय दुरुस्तीला पाठवा असं सांगून मी थकले होते.

"डाय कावून पाठवायची?" साहेबांनी तापवून ठोकलेला एक पिलर गेजवर, म्हणजे माप तपासायच्या साच्यावर ठेवला. चपखल बसला. "पाहा! मले स्टील नका शिकवू, मॅडम. उद्या माल लोड करा."

"साहेब, ह्याची ताकद मिलमध्ये मोजूनमापून तापवून, थंड करून आणलेली असते. आपण पुन्हा लाल केलं की ती गेली. वरून काहीच दिसत नाही."

"लोखंड गरम केल्यानं कमजोर होते? मंग लोहार काय करून राहिले आजवर?"

सगळे हसले. साहेबांच्या विनोदाला आमच्याकडे हसावंच लागतं.

मी दोन पिलर उचलले, एक न तापवलेला आणि एक टॉर्चचा. छोट्या हायड्रॉलिक प्रेसवर दोन ठोकळ्यांवर आडवे ठेवून एकेक दाबला. पहिल्याला दाबाचा काटा चढत गेला, पण पिलर ढिम्म हलेना. दुसरा, जिथे ज्योत लागली होती तिथेच, उन्हातल्या मेणबत्तीसारखा बसला. आता कोणी हसलं नाही.

साहेब वाकलेल्या पिलरकडे बघत राहिले. मला वाटलं, चला, उजाडलं.

"पण गेजवर तर बसते ना," ते हळूच म्हणाले. "कस्टमर थोडीच वाकवून पाहून राहिला?"

माझं डोकंच फिरलं. आतापर्यंत साहेबांना माहीत नव्हतं म्हणून चाललं असं म्हणता आलं असतं. आता माहीत होतं, आणि तरी माल पाठवायचा होता.

"साहेब, हे पिलर ज्या गाडीत जातात, तीच तुम्ही बुक केली आहे ना?"

"हो. आमच्या साऱ्या मरोदा मोहल्ल्याले सांगितलं, आपल्या पिलरची गाडी."

"मग तुमच्या गाडीत यातला कोणता टाकायला सांगू?"

साहेबांनी क्षणाचाही विचार न करता पहिल्याकडे बोट केलं. बोट केल्यावर त्यांच्या लक्षात आलं. कान लाल झाले, सरळ व्हायला मात्र थोडा वेळ गेला.

"रिजेक्ट करा लॉट," ते पुटपुटले.

डाय कापायला गेली. कस्टमरच्या शिव्या खाल्ल्या, माल उशिरा गेला, पण मापात गेला आणि ताकदीचा गेला. पुढे उद्योजकांच्या एका सभेत साहेब माइकवर म्हणाले, "हाय-स्ट्रेंथ स्टीलला टॉर्च लावणं हा गुन्हा आहे. आमच्या क्वालिटीवाल्यांना मी हे पहिल्यापासून बजावत आलोय." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

श्रेय खुशाल जाऊ द्यावं. ते धडकेच्या वेळी कोणाच्या डोक्यात घुसत नाही. रिजेक्ट माल मात्र अखंड गेटबाहेर जाऊ देऊ नये. लॉट रिजेक्ट झाला त्याच दिवशी मी पत्रा कापायच्या शिअरिंग मशीनपाशी उभी राहिले आणि साहूकडून एकेक तापवलेला पिलर मधोमध कापून घेतला. साहेब जेवून परत आले, तुकड्यांचा ढीग पाहिला आणि दुखावल्या आवाजात म्हणाले, "मॅडम, माझ्यावर भरोसा नाही का?"

"आहे ना, साहेब," मी म्हटलं. "म्हणून तर कापून राहिले."