हेल्मेटखालची गाठ

पेडण्याच्या बसस्टँडवर आम्ही चार पायलट. विमानाचे नव्हे, मोटारसायकलचे! गिऱ्हाईक मागे बसवायचं आणि सांगेल तिथे पोचवायचं. दुपारी मात्र कुणी फिरकत नाही. मग आम्हाला एकमेकांशिवाय बघायला काही उरत नाही, आणि किस्से साठतात. यंदाचे बहुतेक माझ्या डोक्यावरचे आहेत.

*

नवीन हेल्मेट घेतलं, ते मागे टोचायला लागलं. बदलून आणलं, तेही टोचलं. म्हणून चाचपून बघितलं, तर डोक्याच्या मागे मधोमध गाठ! दुखत नव्हती, हलत नव्हती, एकदम टणक. माझे वडील अशाच एका न दुखणाऱ्या गाठीने गेले. मी खरोखर घाबरलो. बायकोला सांगितलं नाही, स्टँडवर सांगितलं. चूक तिथेच झाली!

*

बाबुसो आमच्यातला सगळ्यात वात्रट. त्याने न बघताच निदान केलं, "आत जागा नाय, म्हणान अक्कल भायर ईली!"

पुढे आठवडाभर हरमलला जाणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तो सांगत होता, "ह्येच्या मागे बसा. ह्येच्याकडे अक्कल जास्ती आसा!"

*

जयवंतदादा आमच्यात वडीलधारे. त्यांनी माझं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि कलिंगड ठोकून बघतात तसं ठोकून बघितलं.

"खोबरेल गरम करून लाव," म्हणाले.

रोज झोपताना लावलं. गाठ तशीच, हेल्मेट मात्र घसरायला लागलं!

*

दिलीपने मोबाईलवर शोधलं. वाचता वाचता त्याचा चेहरा उतरत गेला.

"काय लिवलला आसा?" मी विचारलं.

"काय नाय." त्याने मोबाईल खिशात घातला. "तू चाय पी. आज माझी."

दहा वर्षांत दिलीपने कुणाला चहा पाजला नव्हता!

*

पेडण्यात दाखवलं तर बायकोला कळणार, म्हणून लांब डिचोलीला गेलो. दवाखान्यात पहिल्याच बाकावर बायकोची जवळच्या नार्व्याला दिलेली बहीण!

"भावोजी, तुमी हंय?"

माझा नंबर लागायच्या आत बायकोचा फोन आला. "उशयेक तेल लागला, ता माका दिसणा नाय? दाखवन येवा. मी जेवूची ऱ्हवलंय."



*

डॉक्टरीणबाईंनी नीट चाचपलं आणि हसल्या. "ही गाठ नाही, हाड आहे. कवटीचंच. पुष्कळांना असतं, कुणाचं मोठं, कुणाचं लहान."

"मग इतकी वर्षं कसं कळलं नाही?"

"आधीचं हेल्मेट डोक्यावर घालायचात की हँडलला?"



*

घरी जेवून स्टँडवर आलो आणि सगळं सांगितलं. लगेच सगळ्यांचे हात आपापल्या डोक्यामागे गेले. जयवंतदादांना सापडलं. दिलीपचं तर माझ्याहून मोठं! दोघे पोट धरून हसले.

बाबुसो मात्र चाचपतच होता. वर, खाली, परत वर.

"दादा, जरा बघशात?"

दादांनी बघितलं. दिलीपने बघितलं. मग मी. मागे सगळं सपाट.

बाबुसोने हेल्मेट घातलं आणि येऊन माझ्या मोटारसायकलवर मागे बसला.

"डिचोलेक चल," म्हणाला. "त्या डॉक्टरणीचो दवाखानो किती वाजासर उघडो आसता?"