पत्र्यावर टाकलेली दाढ

लेकीची दाढ माझ्यामुळं गेली. एवढं सरळ लिहायला मला दोन महिने लागले. घरचे म्हणतात, किती मनाला लावून घेशील, एका दाढेनं काय होतंय. त्यांना काय जातंय म्हणायला.

मी गावात अंगणवाडी सेविका आहे. बाया आधी मला विचारतात, मग पोराला दवाखान्यात न्यायचं की नाही ते ठरवतात. दात किडलाय म्हणत कोणी आली की माझं उत्तर ठरलेलं, दुधाचा आहे, पडेल आपोआप. लेक सात वर्षांची असताना तिच्या सगळ्यात मागच्या दाढेवर काळा ठिपका दिसला, तेव्हा मी स्वतःचीही तशीच समजूत घातली. ती दाढ काही जुनी पडून त्या जागी आलेली नव्हती, म्हणजे दुधाचीच.

पुढं गोड खाल्लं की ती गाल धरून बसायची. मग गार पाण्यानंही कळ यायला लागली. मी लवंगेच्या तेलाचा बोळा ठेवत राहिले, आणि चॉकलेट खाते म्हणून वर तिलाच बोलले. दोन-तीन आठवडे पोर एकाच बाजूनं चावत होती. एके सकाळी म्हणाली, "आई, आता न्हाई दुखत."

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! शेजारणीला, अंगणवाडीत येणाऱ्या बायांना, दिसेल तिला सांगत सुटले, लई गुण हाय बघा ह्या तेलाला. उसाचं कांडं सोलून लेकीच्या हातात दिलं आणि मुद्दाम म्हटलं, "त्याच बाजूनं चाव बघू." तिनं चावलं, हसली. ते हसणं आठवलं की आता घास उतरत नाही. माझं ऐकून आणखी किती जणींनी तेलावर भागवलं असेल, ते विचारायची हिंमतही होत नाही.

काही महिन्यांनी हिरडीवर फोड आला, त्यातून पू यायला लागला. तेव्हा कुठं तिला नगरला लहान मुलांच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. त्यांनी एक्स-रे काढला आणि तो स्क्रीनवर मला दाखवला.

"ताई, ही दुधाची नाही, कायमची दाढ आहे. साधारण सहाव्या वर्षी ती सगळ्यात मागं येते, कुठलाही दात न पडता." मग बोट ठेवून म्हणाल्या, "दाताच्या आत मऊ, जिवंत भाग असतो. त्याच्या जोरावर मुळं वाढतात. हिची अर्धीच वाढलीत. दुखायचं थांबलं ना, तेव्हा आतला तो भाग मेला होता."

म्हणजे दुखत होतं तोवर दाढ जिवंत होती, आणि ती मेली त्या दिवशी मी लेकीला ऊस सोलून दिला. धन्य माझी.

"आधी आणलं असतं तर?" मी विचारलं. म्हणाल्या, नुसतं गोडानं दुखत होतं तेव्हा आणलं असतं, तर वरचा खराब भाग काढून खालचा जगवता आला असता, मुळंही वाढली असती. आता दाढ हिरडीच्या खालपर्यंत फुटली होती. काढावीच लागली.

लेकीनं दाढ कागदात बांधून मागून घेतली आणि एस्टीत सगळी वाट मुठीत धरून बसली. घरी आल्यावर मी चप्पल काढेपर्यंत तिनं ती पत्र्यावर भिरकावली. पुढचे दात पडले तेव्हा मीच शिकवलं होतं, पत्र्यावर टाकायचा, नवा येतो. ते सगळे आले.

आता रोज शाळेत जाण्याआधी ती माझ्यापुढं आ करून उभी राहते. "आली का गं?" मी वाकून बघते आणि म्हणते, थांब थोडी. कायमची दाढ पुन्हा येत नसते, हे अजून तिला सांगितलेलं नाही.

काल तिनं त्या रिकाम्या जागेवर बोट दाबलं आणि म्हणाली, "आई, आता दुखत पन न्हाई. म्हंजी यील आता, व्हय ना?"

मी मान डोलावली.