तिसऱ्या गिअरचा आकडा

लोम काव तालुक्यात ब्वाफानला ओळखत नाही असा माणूस बहुधा आदल्या दिवशीच्या बसने आलेला असतो. पन्नाशी ओलांडलेली, आणि उंचीने इतकी कमी की समोरून येणारे ट्रकवाले म्हणत, बघा, ही पिकअप आपली आपणच चाललीय. तीस वर्षं तिने फू थाप बेकच्या डोंगरावरून कोबी खाली आणला. हौद्यावर लोखंडी पिंजरा, पिंजऱ्यात अडीच टन कोबी, आणि बाजारात ज्याची गाडी आधी पोचेल त्याचा माल आधी उतरणार. त्यामुळे भाजीची गाडी सावकाश चालवणाऱ्याला त्या भागात कुणी सभ्य म्हणत नाही, आळशी म्हणतात.

शर्यतीत ती आली ती तोंडाळपणामुळे. एकदा क्लच बदलायला ती हिया योंगच्या गॅरेजात गेली होती. हिया म्हणजे चिनी वळणाचा थोरला भाऊ. साठीच्या योंगला सगळं गावच तसं म्हणे. गॅरेजमागच्या रस्त्यावर त्याचा ड्रायव्हर शर्यतीच्या पिकअपवर सराव करत होता. ब्वाफान बाकावर बसून चिकट भात खात होती. भात संपवून, बोटं पुसून ती म्हणाली, "हिया, तुमचा माणूस पहिला गिअर लवकर सोडतो आणि तिसरा सोडवत नाही त्याला."

"मग तू बसून दाखव," हिया म्हणाला.

ती बसली ती नऊ वर्षं उठली नाही.

गिअर कधी बदलायचा, या प्रश्नावर त्या भागात जितकी भांडणं होतात तितकी जमिनीच्या बांधावरून होत नसतील. बहुतेकांचं म्हणणं असं की इंजिनाच्या फेऱ्या मोजणारा काटा लाल रेघेला टेकेपर्यंत ते ताणायचं. ब्वाफानला हे हास्यास्पद वाटे. घरात सगळ्यात जास्त ओरडणारा माणूस सगळ्यात जास्त काम करतो का, असं ती विचारी आणि विचारताना नवऱ्याकडे बघे. तिचा हिशेब सोपा होता. या गिअरमध्ये उरलेला जोर आणि पुढच्या गिअरमध्ये मिळणारा जोर जिथे सारखे होतात, तिथे बदलायचं. त्याआधी बदललं तर हातातला जोर वाया, नंतर बदललं तर नुसता धूर. पहिल्या आणि दुसऱ्या गिअरमध्ये अंतर मोठं, म्हणून पहिला जरा ताणायचा. तिसरा आणि चौथा जवळजवळचे, म्हणून तिसरा लवकर सोडायचा.

हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. कोबीने शिकवलं. रिकामी गाडी इतक्या झटकन निघून जाते की चूक झाली तरी कळत नाही. अडीच टन लादून चढाला लावली की तीच चूक ठळक दिसते. हियाच्या शर्यतीच्या पिकअपमध्येच तिने पहिल्या हंगामात कोबी भरला. हियाने चार दिवस जेवण टाकलं होतं. नवरा साम्रोंग शेजारी घड्याळ घेऊन बसे, आणि दोन मैलांच्या दगडांमधल्या चढावर ती दर खेपेला वेगळ्या ठिकाणी गिअर बदले. पावसाळा संपेस्तोवर तिच्याकडे तीन आकडे जमले. मिनिटाला बेचाळीसशे फेऱ्यांना पहिला सोडायचा, चार हजारांना दुसरा, सदतीसशेला तिसरा. ते तिने कुठे लिहिले नाहीत आणि कुणाला सांगितलेही नाहीत.

त्या आकड्यांवर सहाव्या वर्षी तिने चारशे दोन मीटरची धाव बारा सेकंद एकेचाळीस शतांशात मारली. तालुक्यात पिकअपच्या वर्गात एवढ्या वेळेत कुणी गेलं नव्हतं. पण पुढची तीन वर्षं ती तिथेच अडकली. एकेचाळीस, त्रेचाळीस, एकेचाळीस.

मग हियाने बँकॉकहून विरुन नावाचा कारागीर आणला. लॅपटॉपवाला, गोरागोमटा, तिखट खाल्लं की रडणारा. त्याने काट्याशेजारी एक दिवा बसवला. काटा चव्वेचाळीसशेवर गेला की दिवा लागे, मग गिअर कोणताही असो. ब्वाफानने पहिल्याच दिवशी त्यावर चिकटपट्टी लावली. विरुनने ती तशीच राहू दिली. पण तो मूर्ख नव्हता. गाडीचा आवाज तीन वेळा तीन वेगळ्या ठिकाणी तुटतो हे त्याच्या कानाने टिपलं.

उन्हाळ्याच्या शेवटच्या शर्यतीला आठवडा उरला असताना हियाने तिला बोलावलं. समोर बर्फ घातलेला चहा ठेवला. हिया एरवी चहा पाजत नसे, तेव्हाच ती काय ते समजली.

"फान, या रविवारी बैतोय चालवेल."

बैतोय चोवीस वर्षांची होती, लोम साकच्या कोबीवाल्याची मुलगी. बापाची पिकअप ती सोळाव्या वर्षापासून हाकत होती.

"का?"

"तीन वर्षं झाली. आकडा हलत नाही. आणि ती तुझ्यापेक्षा सतरा किलोंनी हलकी आहे."

"वजन केलंत आमचं?"

"कोबीच्या काट्यावर. तुझं अंदाजे धरलं." हियाने मान खाली घातली. "तिने एकेचाळीसच्या आत मारली तर गाडी तिची. नाहीतर तू आहेसच. धावपट्टी त्याच दिवशी मिळणार, त्यामुळे तिलाही सराव नाही. बघ, बरोबरीचंच झालं की."

ब्वाफानने चहा प्यायला, कारण टाकून देण्यात अर्थ नव्हता. तिला राग आला होता, आणि त्याहून जास्त भीती वाटत होती. कोबी तिचं पोट भरत होता. पण त्या सीटवर बसली की ती कुणीतरी होती.

दुसऱ्या दिवशी विरुन गाडीत लॅपटॉप मांडून बसला होता. त्याने तिला शेजारी बसवलं. "पा, मला तुमचे तीन आकडे द्या. प्रत्येक गिअरला दिवा वेगळा लावता येतो. पोरीला सोपं पडेल."

पा म्हणजे मावशी. इतक्या आदराने तो यापूर्वी कधी बोलला नव्हता.

"खाली उतर," ती म्हणाली. "बाहेर सांगते."

"बाहेर ऊन आहे, पा. इथे एसी आहे."

"मला गुदमरतंय."

इथला कुणी असता तर तिथल्या तिथे ओळखून चुकला असता. प्रत्येक गाडीत म्ये यानांग असते, गाडीची म्हातारी देवी. तिच्यासमोर शिवी देत नाहीत आणि खोटं बोलत नाहीत. खोटं बोलायचं असलं की माणूस खाली उतरतो, मग तो गुरांचा दलाल असो की जावई. विरुन बँकॉकचा. तो घाम पुसत निमूट उतरला.

चिंचेच्या झाडाखाली तिने सांगितलं, "पहिला बेचाळीसशे. दुसरा चार हजार. तिसरा बेचाळीसशे."

त्याने लिहून घेतलं. गाडीला काही होणार नव्हतं, पोरगी तेवढी मागे पडणार होती. त्या आठवड्यात ब्वाफानने कोबीच्या तीन खेपा केल्या आणि तिन्ही वेळा ती स्वतःशी गुणगुणत होती. लाज वाटत होती, पण झोप लागत होती.

रविवारी दुपारी जुन्या विमानतळाच्या धावपट्टीवर कोंबडी भाजल्याचा आणि डिझेलचा धूर एकत्र झाला होता. हिया योंगकडची पद्धत अशी की चालक बदलला तर जुन्याने नव्याला गाडीत घेऊन बसायचं, स्टिअरिंगला मोगऱ्याची माळ बांधायची आणि म्ये यानांगला नव्याचं नाव सांगायचं. ब्वाफान हे विसरली होती. नऊ वर्षांपूर्वी तिच्या आधीच्या ड्रायव्हरने कपाळाला आठ्या घालून तिचं नाव सांगितलं होतं.

ती शेजारच्या सीटवर चढली. बैतोय हेल्मेट मांडीवर घेऊन बसली होती. माळ बांधून झाली, नाव सांगून झालं. ब्वाफानने दाराच्या कडीला हात घातला.

"पा, थांबा ना जरा. तिसऱ्याचं मला पटत नाहीये."

"काय पटत नाही?"

"पहिला बेचाळीस, दुसरा चाळीस, मग तिसरा परत बेचाळीस कसा? वर जाल तसे गिअर जवळजवळ येतात. तिसरा आधी सुटायला हवा."

"दिवा लावलाय ना त्याने. दिवा बघ."

"दिव्याचं नाही विचारत. तुम्ही कधी सोडता?"

पुढच्या दोन गाड्या निघून गेल्या. मोगऱ्याचा वास बंद काचांत दाटला होता. ब्वाफान गप्प बसू शकली असती. गप्प बसणं म्हणजे खोटं नव्हे. पण पोरगी तिच्याकडे नुसती बघत होती, आणि समोर माळ होती.

"सदतीसशेला."

"मग विरुनने चुकीचं लिहिलं असेल."

"नाही. मी चुकीचं सांगितलं."

बैतोयने हेल्मेट चढवलं, पट्टा आवळला. "बरं," ती म्हणाली, आणि तिने दिवा झाकेल अशी एक चिकटपट्टी लावली.

ब्वाफान उतरून कठड्यापाशी गेली. गाडी सुटली तशी ती डोळे मिटून आवाज ऐकत राहिली. पहिला सुटला, ठीक. दुसरा, ठीक. तिसरा सुटला तेव्हा तिला वाटलं, पोरीने घाई केली, आणि क्षणभर तिला बरं वाटलं. मग फळ्यावर आकडा आला. बारा पूर्णांक तेहतीस.

हिया योंग टोपी फेकत होता. विरुन सगळ्यांना आपल्या दिव्याबद्दल सांगत होता. ब्वाफान मात्र हिशेब करत होती. आठ शतांश. सतरा किलोंचे फार तर चार. उरलेले चार कुठून आले ते तिला कळत नव्हतं, आणि सीट गेल्यापेक्षा तेच तिला जास्त लागलं.

बैतोय परत आली. आधी हियाकडे न जाता कठड्यापाशी आली आणि हात जोडून वाकली.

"तिसरा कधी सोडलास?" ब्वाफानने विचारलं.

"सदतीसच्या आधी, पा. तुमचा आकडा डोक्यात होता, पण जोर त्याआधीच सरल्यासारखा वाटला. मग सोडून दिला."

ब्वाफानचा आकडा नऊ वर्षांपूर्वीचा होता. मधल्या काळात हियाने ते इंजिन दोनदा उघडून बांधलं होतं. त्याच्या आत काय बदललं हे तिने एकदाही तपासलं नव्हतं. तिला आकडा पाठ होता.

"किती आधी?"

"काट्याकडे बघितलंच नाही मी."

"मग कळलं कशाने?"

"कंबरेत कळतं. तुम्हाला माहीतच आहे की."

"मला दाखव," ब्वाफान म्हणाली.

बैतोय जरा संकोचली. "माफ करा हं, पा," म्हणून तिने हात ब्वाफानच्या पाठीमागे नेला, कंबरेच्या जरा वर, मणक्याच्या डाव्या अंगाला बोट टेकवलं आणि म्हणाली, "इथे."