निरगुडसरला नेलेलं उत्तर

नाताळ संपल्यावर पप्पांनी विचारलं, "मला जुन्नरला नेशील का?" तेव्हा मला वाटलं, जुनी जागा एकदा बघायची असेल. पप्पा म्हणजे माझे वडील. आयुष्यभर पाळक म्हणून चर्च सांभाळत गावोगाव राहिले, आणि त्यांची पहिली नेमणूक जुन्नरची. आम्ही ते गाव सोडलं तेव्हा मी पाळण्यात होते. त्यामुळे जुन्नर मला आईच्या बोलण्यातूनच माहीत, आणि आई आता नाही. पप्पांचे गुडघे दुखतात, कान मात्र शाबूत आहेत. म्हटलं, थंडी आहे, रस्ता बरा आहे, दोन दिवस जाऊन येऊ.

पुण्याहून उजाडायच्या आत निघालात तर चाकणची गर्दी टळते. आम्ही चहा-पोह्यांत वेळ घालवला आणि ट्रकांच्या मागे अडकलो. पुढे मात्र रस्ता मोकळा. मंचरला पप्पा उजवीकडे जाणाऱ्या रस्त्याकडे मान वळवून बघत राहिले.

"निरगुडसर इकडंच," ते म्हणाले.

"जायचंय का?"

"जायचंय. पण उद्या. आज जुन्नर."

नारायणगावला मिसळ खाल्ली. तिखट आहे, सोबत दही मागून घ्या. तिथून डावीकडे जुन्नरचा फाटा. दोन्ही बाजूंना द्राक्षबागा, मध्येच टोमॅटोचे क्रेट भरलेले टेम्पो, आणि समोर शिवनेरी. बहुतेक लोक किल्ल्यासाठीच येतात, त्यांनी सकाळी लवकर चढावं. आम्ही तो खालूनच पाहिला. एसटी स्टँडजवळच्या लॉजवर खोली घेतली. साधी, स्वच्छ, पण गरम पाणी फक्त सकाळी मिळतं, आधी विचारून ठेवा.

दुपारी बाजारपेठेत गेलो. गल्ल्या अरुंद, मोटारसायकली अंगावरून जातात, गाडी लांबच लावावी. एका कापडदुकानाच्या गादीवरून पप्पांच्याच वयाचे शेठजी उठून पायरीपर्यंत आले.

"पाळकसाहेब! ओळखलं का राव? तुमची सायकल आमच्याच दुकानासमोर लागायची."

मूळचं राजस्थानातलं हे जैन कुटुंब, पण शेठजींचं मराठी अस्सल जुन्नरी. चहा आला, भडंग आलं. म्हातारपणाच्या गप्पा गोळ्या-औषधांवरून सुरू झाल्या आणि मरणावर आल्या. शेठजी म्हणाले, "आमच्यात मुक्त झालेला जीव आपल्या जागी पूर्ण असतो, त्याला कुणाची गरज न्हाई. तुमच्यात मात्र देवाच्या घरी राह्यला जायचं. मग तिथं तुमी पावणं का घरचे?"

पप्पा हसले नाहीत. म्हणाले, "घरचे. पण हे कळायला मला फार वर्षं लागली, शेठजी."

चर्च गावाच्या कडेला आहे. दगडी भिंती, कौलारू छप्पर, अंगणात चिंच. किल्ली शेजारच्या घरातून मिळाली. आत बाकांवर बसलो तेव्हा पप्पांनी मला खरं कारण सांगितलं.

निरगुडसरचे किसनभाऊ हे त्यांचे मित्र. शेतकरी माणूस, ख्रिस्ती नाही. पप्पा सायकलनं आजूबाजूची गावं फिरायचे, पार पिंपरी पेंढारपर्यंत जायचे, आणि एकदा निरगुडसरच्या रस्त्यावर चाक पंक्चर झालं तेव्हा किसनभाऊंनी बैलगाडीतून घरी नेऊन जेवू घातलं. तिथून मैत्री. त्यांची मुलगी मंदा जुन्नरला चर्चच्या बोर्डिंगमध्ये राहून शिकत होती. चुणचुणीत होती, रविवारी उपासनेला पुढच्या बाकावर बसून मोठ्यानं गायची. बारा वर्षांची असताना तिला कावीळ झाली आणि ती गेली.

"दिवस झाल्यावर किसन इथं आला," पप्पा म्हणाले. "या बाकावर बसला. म्हणाला, साहेब, तुमचा देव जिथं राहतो, तिथं माझी मंदा असंल का? ती तुमचीच गाणी म्हणायची. आणि मी त्याला सांगितलं, तिचा बाप्तिस्मा झाला नव्हता किसनभाऊ, मला तसं म्हणता येणार नाही."

"मग?"

"मग काय. उठला, टोपी घातली, गेला. पुन्हा आला नाही. मी पण गेलो नाही. वर्षभरात आपली बदली झाली."

पप्पा पुढे बोलत राहिले. तरुणपणी ते स्वर्ग शिकवायचे तो नकाशा काढल्यासारखा: भिंत कुठं, दार कुठं, आत कोण, बाहेर कोण. "स्वर्ग म्हणजे देवाचं राहतं घर, एवढंच खरं तर आम्हाला सांगितलेलं आहे. तिथला उजेड त्याचा, सुख त्याच्या जवळ असण्याचं. आणि शेवटी तर तो स्वतःच बिऱ्हाड घेऊन माणसांत राहायला येणार, असा आमचा विश्वास. घर त्याचं. आत कुणाला घ्यायचं हे तो ठरवणार. मला दारावर राखण करायला कुणी बसवलं होतं? एका बापानं विचारलं होतं सुलू, आणि मी त्याला नियम सांगितला."

हे किसनभाऊंना तोंडावर सांगायचं, म्हणून हा प्रवास होता. त्या संध्याकाळी मासवडी आणि बाजरीची भाकरी मागवली होती. जुन्नरला आलात तर मासवडी चुकवू नका. नाव तसं असलं तरी ती बेसनाची आणि आत तीळ-खोबऱ्याचं सारण असतं. पप्पांनी एक तुकडा खाऊन ताट सारलं.

दुसऱ्या दिवशी परत मंचरला आलो आणि निरगुडसरचा रस्ता धरला. ऊस, कांदा, मध्येच बिबट्यापासून सावध राहा असे फलक. चौकात पत्ता विचारला तर एक जण म्हणाला, "किसनआबांचा मळा व्हय? सरळ जावा, पाण्याच्या टाकीपासनं आत. पन पावणं, दिवस मावळायच्या आत निघा. उसात बिबट्याची मादी हाय."

मळ्यातल्या घरापुढे उन्हात एक म्हातारी वालाच्या शेंगा सोलत बसली होती. पप्पांनी हात जोडले. "हिराबाई, मी जुन्नरचा पाळक."

तिनं डोळ्यांवर हात धरून पाहिलं. "अगं बया! साहेब? या, बसा. लई उशीर केला वं. हे गेले की श्रावणात."

पप्पा खाटेवर बसले. नातसुनेनं पाणी दिलं, चहा ठेवला. किसनभाऊ शेवटपर्यंत हिंडते-फिरते होते, एका दुपारी जेवून झोपले ते उठले नाहीत, असं हिराबाईंनी सांगितलं. मग शेंगांचं सूप बाजूला ठेवून त्या पप्पांकडे वळल्या.

"तुमी आला ते बरं झालं. तुमचे लई उपकार हायेत माझ्यावर."

"माझे?"

"मंदा गेली तवा मी येडीपिशी झाले व्हते. तोंडात घास जात न्हवता. हे तुमच्याकडं जाऊन आले अन् मला म्हनले, पाळकसाहेबांनी सांगितलंय, आपली मंदा देवाच्या घरी हाय. तिथं आंधार न्हाई, दुखनं न्हाई, देव सोता लेकरांना जवळ घेऊन बसतो. त्या दिवशी मी भाकर खाल्ली बघा. तुमच्या त्या शब्दावर जगले मी, साहेब."

मी पप्पांकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलले. मला वाटलं, आता ते सगळं सांगणार. त्यासाठीच तर आले होते. तेवढ्यात हिराबाई पुढे झुकल्या.

"खरं हाय नव्हं, साहेब? यास्नी मी कितींदा इचारलं. पन मंदाचं नाव काढलं की हे उठायचे अन् इहिरीवरची मोटार चालू करायला जायचे. म्हनायचे, एकदा सांगितलं ना. तुमच्या तोंडून मी कधी ऐकलंच न्हाई."

पप्पांनी तिचा हात हातात घेतला. "खरं आहे, हिराबाई. देव राहतो तिथंच आहे ती. त्याच्या घरची आहे."

"मग बास," ती म्हणाली आणि पदरानं डोळे पुसले. निघताना तिनं वालाच्या शेंगांची पिशवी माझ्या हातात कोंबली.

मंचर आलं. मी विचारलं, "खरं सांगायचं नव्हतं का?"

"कुणासाठी? माझ्या मनावरचं ओझं उतरावं म्हणून?" ते काचेबाहेर बघत राहिले. "आणि खरं तर तिला खरंच सांगितलं होतं. किसननं सांगितलं होतं. माझं उत्तर त्यानं तिच्यापर्यंत जाऊच दिलं नाही, स्वतःजवळ ठेवलं. ते घेऊनच त्यानं आयुष्य काढलं. बायको विचारायची तेव्हा उठून जायचा तो, कारण त्याला मी वेगळं सांगितलं होतं."

खेडला चहा घेतला. पप्पांनी कप नुसताच हातात धरून ठेवला आणि गार झाल्यावर परत दिला.

या वाटेनं जाणाऱ्यांनी काय बघावं, कुठं जेवावं, हे मी वर लिहिलं आहे. निरगुडसर कुणाच्या सहलीत नसतं, आणि आमचंही तिथलं काम व्हायचं ते झालं नाही. ज्याच्यासाठी गेलो तो काही महिने आधी निघून गेला होता. हिराबाईंचा चेहरा आठवला की मला बरं वाटतं. मग शेताकडे निघालेले किसनभाऊ दिसतात, ज्यांना मी कधी पाहिलंही नाही, आणि ते बरं वाटणं टिकत नाही.

आमच्या चर्चमध्ये गेलेल्यांसाठी प्रार्थना करायची पद्धत नाही. ते देवाच्या हाती गेले, आता आपण काही मागायचं नाही, असं पप्पांनीच आम्हाला शिकवलं. परत आलो त्या संध्याकाळी जेवणाआधी ते नेहमीसारखे डोळे मिटून उभे राहिले. अन्नासाठी आभार मानले, माझ्या मुलांची नावं घेतली. मग थांबले. मी डोळे उघडून पाहिलं तर ते टेबलाला धरून उभे होते.

"प्रभू, किसन तुझ्या घरी आला असेल," ते म्हणाले. "मला पोचायला उशीर झाला. त्याला मंदाकडं तूच घेऊन जा."