बहिणीकडून घ्यायचं नाही

यांच्या दोन्ही किडन्या गेल्या, तेव्हापासून आमच्या घरात पाणी लपून प्यायचं. डॉक्टरीणबाईंनी यांना दिवसभरात एक लहान तांब्या पाणी सांगितलं होतं. नागपूरचा उन्हाळा आणि तेवढंच पाणी. हे सकाळी तांब्या भरून खाटेजवळ ठेवत आणि घोट घोट पुरवत. मी आणि मुलगी मोरीत जाऊन, पाठ फिरवून प्यायचो.

दिवसाआड मशीनवर रक्त धुवायला न्यावं लागे. घरातल्या कोणी किडनी दिली तर माणूस पुन्हा कामाला लागेल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. माझं रक्त जुळलं नाही. मुलगी दहावीत, तिचं नावच काढायचं नव्हतं. सासू-सासरे गेले. राहिली यांची धाकटी बहीण, उमरेडला दिलेली. तिच्या बाळंतपणात यांनीच तिला रक्त दिलं होतं, म्हणून दोघांचा गट एक हे माहीत होतं.

मी तिचं नाव काढलं तर हे म्हणाले, "बहिणीले देत असते. तिच्यापासून घेत नसते."

त्यांच्या घरात तसंच होतं. सासरे लेकीकडे जात ते भाकर बांधून. पाणीसुद्धा बसस्टँडवर पिऊन घेत. हेही भाऊबीजेला जाऊन ओवाळून घेत, साडी देत आणि उपाशी परत येत.

"तू तिले बोलली तं मी मशीनवर जानं बंद करीन," हे म्हणाले.

मावशीकडे कुहीला जाते, असं सांगून मी उमरेडच्या बसमध्ये बसले. नणंदेने तांब्या पुढे केला. मी तो एका दमात संपवला. तिने पुन्हा भरला, तोही संपवला.

"काहून वं वहिनी, घरी पाणी नाही भेटत का?" ती हसली. मग तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि ताट घ्यायला उठली.

तिने जेवायला वाढलं. मी खाली मान घालून जेवले. बोलायचं ते तोंडात येई आणि घासाबरोबर परत जाई. निघायची वेळ झाली तरी माझ्याने विचारवलं नाही. ती स्टँडपर्यंत पोचवायला आली.

"तू काहून आली ते मले मालूम हाये," ती म्हणाली. "कधीची वाट पाहून राहिली मी. दादा मले घरातली समजतच नाही का?"

"ते नको म्हणतात."

"तो तं म्हननच. लहानपनी बोरं तोडली तं आधी मले, मंग त्याले. आमच्या घरी मी इचारून ठेवलं हाये. कधी येऊ ते सांग."

ती आली, तेव्हा यांनी भिंतीकडे तोंड केलं. ती खाटेवर बसली.

"मी मांगून नाही राहिली, देऊन राहिली. मंग तोंड कायले फिरवतं गा?"

हे तिच्याकडे वळले. मग म्हणाले, "तुही किडनी हाये. दिवसभर बडबड करन."

"करू दे. घरात कोनी तं बोलन. वहिनी तं बोलतच नाही."

हे हसले. कितीतरी दिवसांनी हसले. त्या आठवड्यात मी मनात यांना कामावरसुद्धा पाठवून दिलं होतं.

तपासणीत नणंदेला साखर निघाली. बरीच जुनी असावी, असं दवाखान्यातले म्हणाले. तिला स्वतःलाच माहीत नव्हतं. डॉक्टरीणबाई हळू आवाजात म्हणाल्या, हिची किडनी घेता येणार नाही, हिलाच ती जपायला हवी. बाहेर बाकावर ती पदर हातात धरून बसली.

"मले तं कधी तापही नाही आला वं वहिनी," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

बहीण रिकाम्या हाताने जात नाही, म्हणून यांनी माझ्याकडून साडी आणवून ठेवली होती. घरून निघताना ती घेईना.

"माह्याकडून काही झालं नाही. घेऊ कशी?"

"घे," हे म्हणाले. "माह्याकडून अजून एवढं होते."

तिने साडी घेतली. यांनी आपल्या तांब्यातलं पाणी पेल्यात ओतून तिला दिलं. ती नको म्हणत होती, पण यांनी पेला खाली ठेवला नाही. शेवटी तिने दोन घोट घेतले.

यांचं नाव आता दवाखान्याच्या यादीत आहे. दुसऱ्या कोणाच्या घरी माणूस जाईल आणि ते त्याची किडनी देतील, तेव्हा आमचा नंबर. तशी वाट मला पाहवत नाही, पण पाहते. नणंद रोज फोन करते. हे विचारतात, "गोळी घेतली का?" ती विचारते, "पानी किती पेलं?" मग दोघंही फोन कानाला धरून नुसते बसतात.