फडक्यातला माइक

आधी छोट्या शेठनी आडनाव विचारलं. मी सांगितलं. मग त्यांची आई आत गेली आणि फडकं घेऊन आली.

"हे बांध त्याला."

छोट्या शेठनी माइकला फडकं गुंडाळलं, वरून दोरा बांधला. मला म्हणाले, "ओठ लावू नको. चार बोटं लांब राहा."

मला वाटलं, रेकॉर्डिंगची हीच रीत असेल.

जळगावातल्या त्यांच्या बंगल्यात गच्चीवर ती खोली. भिंतींना गाद्या टेकवलेल्या, खिडकी बंद, पंखा बंद. नव्वदनंतरची वर्षं. मुंबईहून रॅपच्या कॅसेटी यायच्या, पोरं नाचायची. छोट्या शेठना आपल्या बोलीत तसली कॅसेट काढायची होती. त्यांच्या काकांच्या जिनिंगमध्ये मी कापसातला कचरा वेचायची. माहेर नरडाण्याकडचं, तोंडात अहिराणी. हात चालायचे तसं तोंड चालायचं. भरभर, जुळवून, दम न घेता. बाया हसायच्या, दिवस सरायचा. ते त्यांनी ऐकलं होतं.

मी फडक्यात बोलले:

"सरकी निंघनी, रुई उडनी,
नाकमा गयी, डोयामा गयी.
हात मना, घाम मना,
बठ्ठा माल तुना शे."

हात माझा, घाम माझा, सगळा माल तुझा: हेच तीन दुपारी बोलले. चौथ्या दुपारी एका प्राध्यापकांची मुलगी आली. कॉलेजात गाणारी, गोड गळ्याची. छोट्या शेठनी फडकं सोडलं, स्पिरिटच्या बोळ्यानं माइक पुसला आणि तिच्यापुढे धरला. तिनं ओठ टेकवूनच म्हटलं. माझे शब्द. कानाला माझाच आवाज लावून, ऐकत ऐकत.

मी दाराशी जमिनीवर बसले होते. सगळं कळलं. तरी त्या दिवशी बोलले नाही. फडक्यापेक्षा त्या गप्प बसण्याची लाज मला जास्त वाटते.

मग छोटे शेठ मशीनवर बसले. त्यात प्रत्येक आवाजाची वेगळी खुंटी. एक वर सरकवली, एक खाली. "बघ बाई, आता तुला खाली घेतो." माझा आवाज लांब गेला, विहिरीत पडल्यासारखा झाला, आणि मग नव्हताच. फक्त शेवटच्या चार ओळींना त्या मुलीचा दम पुरेना. जीभ अडखळायची. तेवढ्या चार ओळी त्यांनी माझ्याच ठेवल्या.

"कुणाला कळणार नाही," ते खूश होऊन म्हणाले.

आठ दिवसांनी दुसऱ्या गाण्यासाठी बोलावलं. माइकला तेच फडकं.

मी म्हटलं, "फडकं काढा, भाऊ."

"अगं, ते आवाजासाठी असतं."

"मग ताईच्या आवाजाला का नव्हतं?"

ते दाराकडे पाहायला लागले. दारात त्यांची आई उभी होती.

"असल्यांना वर घेतलं तिथंच चुकलं," ती म्हणाली.

येताना मला मागच्या लोखंडी जिन्यानं आणलं होतं. मी पुढच्या जिन्यानं उतरले.

दुसऱ्या दिवशी जिनिंगच्या फाटकावर मुकादमानं अडवलं. "आजपासून येऊ नको." नवऱ्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "फडक्यानं तुझं काय झिजलं असतं?" त्याचंही आडनाव तेच आहे.

कॅसेट निघाली. वर त्या मुलीचा फोटो. पानटपरीवर वाजली, लग्नात वाजली, आमच्या वस्तीतल्या हळदीतसुद्धा वाजली. माझीच माणसं नाचत होती. शेवटच्या चार ओळी आल्या. मी शेजारच्या अक्काला म्हटलं, "हाई मी शे." ती हसली. म्हणाली, "तू? कॅसेटमा?"

पुन्हा कुणाला सांगितलं नाही.

नंतर मी दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायला जायला लागले. धुळ्याचा एक कॅसेटवाला जिनिंगमधल्या बायांकडून पत्ता काढत बांधावर आला. म्हणाला, "शब्द तेवढे दे. म्हणायला माणूस आहे आपल्याकडे."

मी म्हटलं, "म्हणीन ते मी म्हणीन. आधी माझं नाव सांगीन, आडनावासकट. मग शब्द."

तो म्हणाला, "अशानं कुणी घेणार नाही."

खरं बोलला. कुणी घेतलं नाही. तो परत आला नाही, दुसराही आला नाही. मी अजून जुळवते, वहीत उतरवत नाही. मी गेले की हे सगळं माझ्याबरोबर जाईल. जाऊ दे. दुसऱ्याच्या तोंडात मी ते घालणार नाही.