पैसे देणाऱ्याने आधी खेळायचं

आक्का बोलता बोलता बुचड्यातून स्क्रू-ड्रायव्हर उपसायच्या. आपण गजरा माळतो त्या जागी त्यांचा स्क्रू-ड्रायव्हर असे. गिऱ्हाइकाने फार शहाणपणा केला की त्यांचा हात डोक्यामागे जायचा आणि गिऱ्हाईक जरा मागे सरायचं. त्या मात्र शांतपणे समोरच्या मशीनचा स्क्रू पिळत विचारायच्या, "हां, आता खरं सांगा. आभ्यासाला पायजे का खेळाय?"

त्या काळात इस्लामपूरच्या एसटी स्टँडसमोरून गेला असाल, तर ते दुकान तुम्हीही पाहिलं असेल. पाटी रेडिओ-टीव्ही दुरुस्तीची आणि आत कॉम्प्युटर. आक्कांचे मालक लष्करात सिग्नलमध्ये, वायरलेसवर होते. पेन्शनीत आल्यावर त्यांनी दुकान टाकलं आणि ते वारल्यावर आक्कांनी चालवलं. हात बसलेला होता, पण त्यांना सगळंच येत होतं असं समजू नका. एकदा माझ्यादेखत एका मशीनमधून धूर निघाला. आक्कांनी नाकाला पदर लावला आणि म्हणाल्या, "ह्यो भाग तसा बी काढायचाच व्हता."

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं ती. मी हायस्कूलात गणित शिकवायचे आणि स्वतःला फार हुशार समजायचे. आता सत्तरी ओलांडल्यावर तेव्हाच्या त्या गणिताच्या बाईकडे वळून बघते, तेव्हा तिच्या साडीच्या इस्त्रीचं कौतुक वाटतं. बाकी कौतुक करावं असं फारसं काही सापडत नाही.

आमचे हे तेव्हा फौजेत, जम्मूकडे. म्हणजे घरातले निर्णय माझे, असं मी शाळेत सांगायचे. खरे निर्णय शेजारच्या घरातून मोठे दीर करायचे. आमच्या वैशालीला सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटरला प्रवेश मिळाला होता. पण कॉलेजात मशीनं थोडी आणि मुलं उदंड. तिची पाळी यायची संध्याकाळी, आणि मग ती आष्ट्यावरून येणाऱ्या शेवटच्या गाडीने अंधारात घरी. भाऊजींनी काही दिवस पाहिलं आणि ओसरीवर बसून सांगून टाकलं, "दिवाळीपतूर बघू. न्हाईतर हितंच बीएस्सीला घाला तिला."

म्हणजे घरी कॉम्प्युटर आला, तर पोरगी पाचच्या गाडीने परत येणार आणि शिक्षण चालू राहणार. नाही आला, तर बंद. इतकं सरळ गणित, आणि ते सोडवायला गणिताच्या बाई निघाल्या.

दुकानात शिरताच मी दोन अटी घातल्या. मॉनिटर मोठा हवा, आणि त्याच्यावर गेम चालता कामा नयेत.

"खेळ चालत न्हाई असं मशीन हाय की माज्याकडं," आक्का म्हणाल्या.

"मग तेच दाखवा."

त्यांनी कोपऱ्यातलं फडकं उचललं. खाली टाइपरायटर होता.

वैशालीला हसू फुटलं. मी तिच्याकडे वर्गात बघायचे तसं बघितलं.

"आवं बाई, ज्याच्यावर खेळ पळत न्हाई, त्याच्यावर हिचा आभ्यास बी रांगतच जाणार. आन् मोठा मॉनिटर कुणासाठी?"

"दिसायला बरा."

"कुणाला?"

मला तो खिडकीसमोर ठेवायचा होता, रस्त्यावरून दिसेल असा. त्याच्यासाठी क्रोशाचं कव्हरसुद्धा विणायला घेतलं होतं, मोठ्या मापाचं.

"मोठा मॉनिटर पाव्हणं बघत्यात, बाई. रॅम पोरगी वापरती. दोन्ही काय तुमच्या बजेटात बसत न्हाई. मग शिकवायचं कुणाला हाय, पाव्हण्यास्नी?"

मी पर्स उचलली. म्हटलं, सांगलीत काचेच्या केबिनवाली दुकानं आहेत, तिथे चौकशी करते.

"करा की. पर ह्या दुकानाची रीत हाय. पैसे देणाऱ्यानं आदी खेळायचं. मग घ्या, न्हाईतर जावा."

ही रीत सगळ्यांना लागू होती. साखर कारखान्यातले एक भारदस्त साहेब खुर्चीवर मांडी घालून खेळताना मी नंतर स्वतः पाहिलेत. आक्कांचं म्हणणं असं, की ज्या बापाने खेळून बघितलेलं नसतं, तो घरी गेल्यावर पोराची वायर उपसतो. आणि वायर उपसून उपसून मशीन बिघडलं, की त्यांच्याच दारात येऊन भांडतो.

त्यांनी मला मोठ्या मॉनिटरसमोर बसवलं. मोटारींच्या शर्यतीचा खेळ होता. मी पर्स मांडीवर घट्ट धरून, एका बोटाने, नाइलाज म्हणून सुरू केलं. पहिल्याच वळणावर गाडी भिंतीत.

"आई, आधी ब्रेक," वैशाली म्हणाली.

"मला शिकवू नकोस."

मग पर्स खाली गेली. मग पदर कमरेला गेला. थोड्या वेळाने माझ्या ध्यानात आलं, की वळण आलं की मी खुर्चीसकट कलते आहे आणि पुढच्या गाडीवाल्याला 'सरक की मेल्या' म्हणते आहे. पण ऐन वळणावर चित्र थबकायचं. गाडी जागच्या जागी झटके खायची आणि मागचे सगळे निघून जायचे.

"हे अडकतंय का?" मी चिडून विचारलं.

"तुमाला पसंत पडल्यालं मशीन हाय. मॉनिटर मोठा, रॅम बारकी." आक्का दुसऱ्याच कुणाचा तरी रेडिओ उघडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "हिचा प्रोग्रॅम बी असाच अडकणार. परीक्षेच्या आदल्या दिशी, वळणावर."

मग त्यांनी शेजारच्या लहान मॉनिटरकडे बोट केलं. मी उठून तिकडे बसले. गाडी पाण्यासारखी गेली. माझा चौथा नंबर आला.

"लहान मॉनिटरच द्या," मी म्हटलं.

"आन् खेळ? काढून टाकू?"

"असू दे. तपासायला लागेल."

आक्कांनी वैशालीकडे बघून फक्त एक भुवई उचलली.

मशीन पोचवायला त्या स्वतः आल्या. रिक्षात मॉनिटर वाकळेत गुंडाळून, तान्हं मूल घ्यावं तसा मांडीवर घेऊन. भाऊजी बघायला आले. "एवढासाच?" म्हणाले. "आन् ह्यानं पोरगी वेळंत घरी येणार व्हय?"

"दादा, तुमी बसा आदी हितं," आक्का म्हणाल्या.

भाऊजी पाच मिनिटं म्हणून टेकले. जेवायला बोलवायला जाऊबाई दोनदा आल्या, तिसऱ्यांदा त्या तिथेच उभ्या राहून बघू लागल्या. त्यानंतर बीएस्सीचा विषय आमच्या घरात निघाला नाही. भाऊजी दर रविवारी 'पोरीचा आभ्यास कसा चाललाय' ते बघायला यायचे आणि पोरगी मशीनवरून उठेपर्यंत ताटकळत बसायचे.

वैशाली पाचच्या गाडीने येऊ लागली. ती स्टँडवर उतरली, की आक्का समोरच्या दारातून एक हात वर करायच्या. ही इकडून करायची. बोलणं काही नाही. एखाद्या दिवशी गाडी चुकली, तर दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना मला हटकून विचारायच्या, "काल पोर पाचच्या गाडीला दिसली न्हाई, बाई." मला पहिल्यांदा राग यायचा, यांना कशाला चौकशा. पुढे पुढे त्यांनी विचारावं म्हणून मी त्या दुकानासमोरून सावकाश चालायला लागले.

वैशाली इंजिनिअर झाली, पुण्याला नोकरीला लागली. आक्का गेल्या त्यालाही आता बरीच वर्षं झाली. त्या जागेत मोबाइलची कव्हरं लटकलेली असतात.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही नातवाला सांगलीचं कॉलेज दाखवायला निघालो होतो. तो मागच्या सीटवर दोन लॅपटॉप ताडून बघत होता, कोणत्यावर अभ्यास बरा होईल आणि कोणत्यावर गेम. इस्लामपुरात स्टँडसमोर वैशालीने गाडी हळू केली आणि स्टिअरिंगवरचा एक हात त्या दुकानाकडे वर केला.

"आई, कुणाला हात केलास?" नातवाने विचारलं.

"पोचले म्हणून सांगितलं," ती म्हणाली, आणि गिअर टाकला.